घेवड्यासाठी अंधार

त्या दुकानात शिरण्याआधी मी समोरच्या फुटपाथवर तीन वेळा ये-जा केली. काय विचारायचं ते घरून कागदावर लिहून आणलं होतं. पण काचेतून आत जांभळा उजेड दिसत होता, आणि त्या उजेडात उभं राहून कागद वाचणं मला जमेल असं वाटेना. शेवटी दुकानदारच बाहेर आला. जाडजूड, चष्मा कपाळावर चढवलेला, माझ्याहून चाळीसएक वर्षांनी लहान.

"आजोबा, पत्ता शोधताय का?"

"नाही. तंबू हवा होता. घरात झाडं लावतात तो."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कसली झाडं?"

"घेवडा."

"घेवडा!" तो मोठ्याने हसला. "इथे येणारा प्रत्येक जण टोमॅटो लावतो म्हणून सांगतो. घेवडा पहिल्यांदाच ऐकला. या, आत या. मी काही पोलिसांचा जावई नाही."

त्याचा विनोद कळायला मला आत जाऊन स्टुलावर बसेपर्यंत वेळ लागला. मी चोरून गांजा लावणार असं त्याला वाटलं होतं, हे कळलं तेव्हा कान तापले. "खरंच घेवडा आहे हो," मी म्हणालो. "माझ्या बहिणीचा."

बहिणीचा घेवडा म्हणजे काय, ते त्याला समजावून सांगायचा धीर झाला नाही. तो असा.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचा नवरा गेल्यापासून आम्ही दोघं एकत्र राहतो. तिला मूलबाळ नाही आणि मी लग्नच केलं नाही. आधीच्या घराला मागे अंगण होतं. तिथल्या कुंपणावर एका वर्षी तिला एक वेगळा वेल दिसला. बाकीच्या वेलांच्या शेंगांना शिरा होत्या, ह्याच्या शेंगेला शीरच नव्हती. मोडली की कट्कन मोडायची, धागा निघायचा नाही. ताईने त्याचं बी बाजूला ठेवलं, पुढच्या वर्षी पेरलं, सर्वांत कोवळ्या शेंगांचे वेल राखले, बाकीचे उपटून टाकले. असं चौतीस वर्षं. ती लोकांचे कपडे शिवायची. झाडांवरचं एकही पुस्तक तिने उघडलेलं नाही. शेवटी शेवटी दाणा ठरावीक येऊ लागला: पांढरा, आणि डोळ्यापाशी एकच तपकिरी ठिपका. शेजारी बी मागून न्यायचे. "नेलं त्या सगळ्यांनी शिजवून खाल्लं," असं ती म्हणते. ते खरं आहे. मी आठ जुन्या शेजाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं, कुणाकडेही एक दाणा नव्हता.

चार वर्षांपूर्वी ते घर गेलं आणि आम्ही ह्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या बाजूला आलो. आमच्या खिडक्या हवेच्या चिंचोळ्या बोळात उघडतात. समोर दुसऱ्या इमारतीचे पाइप दिसतात, ऊन दिसत नाही. गच्चीला कुलूप असतं. ताई येताना दोन मुठी बी पत्र्याच्या डब्यात घेऊन आली होती. कुठेतरी मातीची सोय होईल, मग पेरू, असं चाललं होतं.

त्या डब्यातलं बी मी मारलं.

मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. इतरांच्या चुका शोधून शोधून माझा स्वतःवरचा विश्वास उडाला तो उडालाच. पण पुस्तकांवर विश्वास आहे. नव्या घरात ओल होती. पुस्तकांना बुरशी लागू नये म्हणून कपाटाच्या खालच्या खणात एक लहान दिवा सतत लावून ठेवावा, असं एका जुन्या पुस्तिकेत वाचून मी तसा दिवा बसवला. मग मनात आलं, बियांनाही कोरडं लागतं. ताईला विचारलं, तिने "ठेव" म्हटलं, आणि मी डबा त्या दिव्याच्या बरोबर वरच्या खणात ठेवला. दोन वर्षांहून जास्त काळ तो तिथे होता. तो तापतो का ते हात लावून बघावं, असं मला एकदाही सुचलं नाही.

ह्या वर्षी ताईने वीस दाणे ओल्या फडक्यात बांधले. एकही फुगला नाही. आणखी वीस बांधले. चौथ्या दिवशी फडकं उघडलं तर उकडलेल्या धान्यासारखा वास आला. तिने थोडे थोडे करून सगळे भिजवले. मग रिकामा डबा माझ्या टेबलावर उपडा ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी "जेवायला चल" एवढंच बोलली.

नंतर तिच्या बागकामाच्या जुन्या एप्रनच्या खिशात, शिवणीत अडकलेले, अकरा दाणे निघाले. चार वर्षांचे, सुरकुतलेले. तिने ते ताटलीत घेऊन मला लांबूनच दाखवले.

"हे एवढेच," ती म्हणाली. "आता मी गेल्यावर माझं म्हणून काय दाखवशील लोकांना? शिवणयंत्र?"

म्हणून मी त्या दुकानात गेलो होतो.

"जागा किती आहे?" दुकानदाराने विचारलं.

मी कागद काढला. दोन कपाटांच्या मध्ये सत्तर सेंटिमीटर. तीनदा मोजलं होतं.

"मग साठ बाय साठचा. उंची?"

"एकशे चाळीसचा स्वस्त आहे, असं वाचलं."

"वाचलं असेल. पण खाली माती तीस, वर दिवा आणि मधली मोकळी जागा मिळून चाळीस-पन्नास. उरलं काय? वेलाला साठ सेंटिमीटरमध्ये गुडघे दुमडून बसवणार का? एकशे ऐंशी घ्या."

एकशे ऐंशीची किंमत ऐकून मी कागदाची घडी घातली. पुढच्या महिन्यात चष्म्याचा नंबर बदलायचा होता. तो पुढे ढकलला तरी मेळ बसत नव्हता. दुकानदाराने ते पाहिलं आणि तो मागे जाऊन एक उभा केलेला तंबू घेऊन आला. दुकानात दाखवायला ठेवलेला, चेन एका कोपऱ्यात उसवलेली.

"हा अर्ध्यात देतो. कोपऱ्यावर काळी टेप लावा." त्याने दुकानाचे दिवे मालवले, तंबूत पेटता टॉर्च ठेवला आणि चेन ओढली. बाहेरून काळ्या कापडावर उजेडाचे तीन टाचणीएवढे ठिपके दिसले. "तिन्हीवर टेप. आतला उजेड बाहेर येत असेल तर बाहेरचाही आत जाणार. आणि हे लक्षात ठेवा, आजोबा, तंबू म्हणजे नुसतं चंदेरी अस्तराचं कापडी कपाट आहे. त्याच्यात काटकसर चालते. दिव्यात नाही."

मी जांभळ्या दिव्याकडे बोट दाखवलं. पानांना लाल आणि निळाच उजेड लागतो, असं वाचलं होतं, आणि तो सर्वांत स्वस्त होता.

"त्याच्यात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे तेच कळत नाही. आजारी माणसाला गॉगल लावून तपासायचं का? पांढरी पट्टी घ्या, शंभर वॅटची."

पांढरी पट्टी, ती वरखाली करायला दोन दोऱ्या आणि कप्प्या, चिमट्याने अडकवायचा छोटा पंखा, तापमान दाखवणारं घड्याळाएवढं यंत्र, तीन कापडी पिशव्या, माती. हवा बाहेर ओढणारा मोठा पंखा परवडेना, तेव्हा वरचं भोक उघडं ठेवून त्यावर काळ्या कापडाची नागमोडी बाही शिवायची, म्हणजे हवा जाते आणि उजेड शिरत नाही, अशी युक्ती त्यानेच सांगितली. शेवटी टायमर. गोल, भोवती शहाण्णव दातांचा. एक दात म्हणजे पंधरा मिनिटं. जितके दात दाबाल तितका वेळ दिवा लागणार.

"एवढ्या सगळ्यात घेवडा चांगला महाग पडणार तुम्हाला," तो पिशव्या भरताना म्हणाला. मी हसलो नाही. त्यानेही मग मान खाली घालून दोरी बांधली.

घरी, माझ्या झोपायच्या खोलीत, तंबूच्या नळ्या एकमेकींत बसवायला मला अख्खी दुपार लागली. ताई दारात उभी राहून बघत होती.

"हे काय, कपडे वाळवायचं कपाट?"

"तंबू आहे."

"घरात तंबू. आता सर्कस तेवढी राहिली." जरा थांबून ती म्हणाली, "प्राणी एक आहेच."

दोन महिन्यांत तिने पहिल्यांदाच माझी थट्टा केली होती. मला इतकं बरं वाटलं की नळी हातातून सुटून पायावर पडली.

वरच्या भोकाची बाही तिनेच शिवली. मग सहा दाणे पेरले, पाच राखले. सहातले दोन उगवले. दहा दिवस वाट पाहून तिने माती बोटाने उकरली. बाकीचे चार कुजले होते. राखलेले पाचही पेरले. त्यातला एक उगवला.

म्हणजे तीन वेल. पृथ्वीच्या पाठीवर त्या घेवड्याचं दुसरं काही उरलं नव्हतं. ताटलीत एकही दाणा नव्हता. हे ताईने बोलून दाखवलं नाही. ताटली धुऊन फळीवर ठेवली.

दुकानातून मिळालेल्या पत्रकात लिहिलं होतं की वाढीसाठी अठरा तास उजेड द्यावा. मी टायमरचे बहात्तर दात मोजून दाबले. वेल जोमाने वाढले. ताईने तंबूत आडव्या दोऱ्या बांधल्या आणि वेल सापशिडीसारखे वळवत वर नेले. पानं माझ्या तळहाताएवढी झाली. मी वही केली. वेळ, तापमान, ओलावा, प्रत्येक वेलाची पानं. रकाने आखले. वहीत सगळं इतकं चांगलं दिसत होतं की मला स्वतःचा संशय येईनासा झाला. ते चूकच होतं.

सत्तर दिवस झाले, कळी नाही.

"पानंच पानं," ताई म्हणाली. ती तंबूपुढे स्टुलावर बसली होती. दिवा चालू होता. "किती वेळ जळतो रे हा?"

"अठरा तास."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अठरा? अरे, अंगणात हा फुलायचा तेव्हा दिवस किती लहान झालेला असायचा! संध्याकाळची शिवणाला बसले की लगेच दिवा लावावा लागायचा, सुई दिसायची नाही. मोठ्या दिवसांत ह्याने कधी फूल दिलंय?"

"मला काय ठाऊक?"

"चौतीस वर्षं त्याच घरात होतास."

मी होतो. खिडकीला पाठ करून वाचत होतो.

पुस्तकात पाहिलं तर ते होतंच. काही झाडं रात्र मोठी झाल्याशिवाय फुलत नाहीत, असं एक अख्खं प्रकरण होतं. घेवड्याचं नावही होतं. मी अठ्ठावीस दात बाहेर ओढले. सकाळी सातला दिवा लागणार, संध्याकाळी सहाला मालवणार. तेरा तासांची रात्र. तंबूच्या प्रत्येक शिवणीवर टेप लावली. पंधरा-वीस दिवसांत कळ्या दिसतील, असा मी ताईला शब्द दिला. मी सहसा शब्द देत नाही.

पंधरा गेले, वीस गेले, तीस गेले. कळी नाही. खालची पानं पिवळी पडून गळू लागली. पिशव्या लहान पडत होत्या, मुळं कापडातून बाहेर डोकावत होती. मग एका वेलावर बारीक जाळी दिसली, डोळ्यांना दिसेल न दिसेल असे लाल किडे. ताईने पान पान पुसलं, साबणाचं पाणी मारलं. तरी जाळी पुढे सरकत राहिली. सहाव्या दिवशी तिने कात्री घेतली आणि तो वेल बुडातून कापला. बाकीच्या दोघांना लागू नये म्हणून. कापलेला वेल ती वर्तमानपत्रात गुंडाळू लागली. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, "तू नको."

दोन उरले.

त्या दिवसांत मला अन्न जाईना. छापखान्यात एकदा माझ्या नजरेतून सुटलेल्या चुकीमुळे एका लेखकाचं अख्खं पुस्तक रद्दीत गेलं होतं. त्याने माझ्यासमोर पहिलं पान उघडून बोट ठेवलं होतं. ते बोट पुन्हा दिसू लागलं. पण पुस्तक पुन्हा छापता आलं होतं. मी झोपेतून दचकून उठायचो, वाटायचं वेल मेले, आणि उठून बघितल्याशिवाय राहवायचं नाही.

मी दुकानात गेलो. ह्या वेळी फेऱ्या मारल्या नाहीत.

"रात्र किती देताय?" दुकानदाराने विचारलं.

"तेरा तास."

"टेप?"

"सगळीकडे."

"आत बसून पाहिलंत? तंबूत शिरा, चेन लावून घ्या, पाच मिनिटं थांबा. हात दिसता कामा नये."

"पाहिलं. काही दिसलं नाही."

त्याने चष्मा कपाळावरून काढून पुसला. "मग मला नाही कळत, आजोबा. खरं सांगतो. घेवडावाले तुम्ही पहिलेच. नाहीच जमलं तर तंबू परत आणा, मी घेईन."

तो चांगुलपणाने म्हणाला. मला मात्र वाटलं, कुणीतरी प्रेत न्यायला गाडी पाठवतो म्हणतंय.

घरी येऊन ते प्रकरण पुन्हा काढलं. मुद्रित तपासतात तसं, ओळीखाली पट्टी धरून, एकेक शब्द. पहिल्यांदा वाचताना मी घेवड्याचं नाव सापडल्यावर पुढची दोन पानं नुसती चाळली होती. आता ती वाचली. लिहिलं होतं की अशा झाडांना नुसती लांब रात्र पुरत नाही, ती सलग लागते. मध्ये काही मिनिटं जरी उजेड पडला तरी झाड ती मोठी रात्र धरत नाही. दोन लहान रात्री धरतं. आणि लहान रात्रीत ते फुलत नाही.

मी वही उघडली.

साडेआठ. अकरा. दोन. साडेचार. माझ्याच अक्षरात, रोज, एकही दिवस न चुकता. टेबलावरचा दिवा तंबूपाशी ओढायचा, चेन उघडायची, पानं मोजायची, किडे शोधायचे, यंत्रातलं तापमान लिहायचं, चेन लावायची. तीन-चार मिनिटं. छत्तीस दिवसांच्या छत्तीस रात्री. ताई पलीकडे स्वयंपाकघरात खाट टाकून, गोळी घेऊन झोपते, तिला काहीच माहीत नव्हतं. तंबूत कुठूनही उजेड शिरत नव्हता. मी नेत होतो.

एक विचार असा आला की सांगूच नये. नुसतं बघणं बंद करावं. फुलं आली तर आली, कुणाला काय कळणार? वही फाडून टाकावी. मी पहिलं पान धरलंही. पण वेळ उरला होता किती? वेल सुकत चालले होते, ते महिनाभर टिकतील की नाही तेही नक्की नव्हतं. आणि माझा भरवसा मलाच नव्हता. राहवलं नाही तर पुन्हा उठेन, दिवा ओढेन. मला कुणीतरी अडवायला हवं होतं, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

ताई तंबूपुढे बसून पिवळी पानं खुडत होती. चारचा सुमार असेल. मी वही तिच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"वेळा बघ."

तिने चष्मा लावून पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. "रात्री अकराला तू काय करत होतास इथे?"

"बघत होतो. वेल ठीक आहेत का ते."

"दिवा लावून?"

"हो."

"रोज?"

"रोज. चारदा." मग पुस्तकात काय लिहिलंय ते सांगितलं. सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की तिने दोनदा "काय?" विचारलं, आणि मला ते दोनदा पहिल्यापासून सांगावं लागलं.

ताईने वही मिटली. तंबूतला छोटा पंखा फिरत होता, पानं हलत होती.

"म्हणजे मी पाणी घालत होते, किडे पुसत होते," ती सावकाश म्हणाली, "आणि तू रोज उठून त्यांना उठवत होतास."

"हो."

"आधी दाणे भाजलेस."

"हो."

"प्रेमाने करतोस रे तू सगळं. तेच तर." ती उठली. गुडघे धरून, स्टुलाचा आधार घेत. मला वाटलं, आता ती कात्री घेईल आणि उरलेले दोन्हीही कापेल. मी कपाटाला टेकलो.

ती म्हणाली, "माझी खाट इकडे आण."

"कुठे?"

"इथे. तंबूच्या दाराला लावून. तू स्वयंपाकघरात झोपायचं. ह्या खोलीतला बल्ब काढून घे. तुझा टेबलावरचा दिवाही घेऊन जा. सहा वाजले की ह्या खोलीत तुझं पाऊल दिसता कामा नये."

"आणि सहाच्या आधी?"

"त्याआधीही नको. मी काय ते बघते. तू वाच तिकडे बसून, जे काय वाचायचं ते."

खाट ओढताना तिचा पाय पलंगपोसात अडकला आणि ती धडपडली. मी सावरायला हात पुढे केला. तिने तो धरला, उभी राहिली आणि सोडला.

मी स्वयंपाकघरात राहायला गेलो. भांड्यांच्या फळीखाली गादी घातली. पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी सात वाजता मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि कसा कोण जाणे, त्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत काळोख होता. काहीच दिसत नव्हतं.

"पुस्तक्या," काळोखातून ताईचा आवाज आला. लहानपणापासून राग आला की ती मला असंच म्हणते. "पाय मागे."

मी पाय मागे घेतला.

ती मला काहीही सांगत नसे. मी विचारत नसे. सकाळी ती खोलीतून बाहेर आली की मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचो, तर ती म्हणायची, "काय बघतोस, चहा टाक." दिवसा तिच्या हातून गळलेली पानं केराच्या टोपलीत पडायची. ती मी मोजायचो. वहीत नाही, मनात. एका दिवशी नऊ पडली, दुसऱ्या दिवशी चौदा. चौदाच्या दिवशी मी जेवताना घास हातात धरून बसलो. ताईने माझ्या ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "एक गेला. मुळं कुजली. आता एकच आहे. जेव."

पस्तिसाव्या दिवशी दुपारी तिने हाक मारली. मी दारातच थांबलो. "ये," ती म्हणाली. "दिवा चालू आहे, ये."

वरच्या दोरीवर, दिव्यापासून हातभर अंतरावर, पानाआड एक दांडी होती. तिच्यावर मुगाएवढ्या पांढऱ्या कळ्या. मी मोजायला लागलो आणि थांबलो.

"मोज की," ताई म्हणाली. "आता काय बिघडतंय?"

नऊ होत्या. त्यातल्या सहा उमलल्या आणि गळून पडल्या. दिव्याचा ताप लागत होता, कप्पीने दिवा वर घेतला. उरलेल्या तिन्हींना शेंगा धरल्या. दोन बोटभर होऊन सुकल्या. एक राहिली. ती फुगली, हिरवी झाली, मग पिवळी, मग तपकिरी. त्या एका शेंगेसाठी सगळा तंबू, दिवा, पंखा रोज अकरा तास चालत होता. वेलाला खालून पान उरलं नव्हतं, नुसती दोरी दोरीवर पसरल्यासारखा दिसायचा. शेंग वेलावरच वाळायला हवी होती, आणि वेल तिच्याआधी मरेल का, एवढीच भीती होती. रोज ताई ती शेंग कानापाशी नेऊन हळूच हलवायची. तीन आठवड्यांनी ती म्हणाली, "वाजली."

तिने ती दिवसाउजेडी, स्वयंपाकघरात माझ्यासमोर फोडली. टेबलावर पांढरं फडकं पसरून. चार दाणे निघाले. एक जरा बारीक, तीन टपोरे. चारही पांढरे, डोळ्यापाशी तपकिरी ठिपका.

तिने रिकामं टरफल वाकवलं. वाळलं होतं, तरी कडेला धागा निघतो का ते तिने नखाने पाहिलं. निघाला नाही.

"अकराचे चार केलेस," ती म्हणाली.

"हो."

"पण नवे आहेत. हे उगवतील."

तिने तंबूतली पिशवी टेबलाशी ओढून आणली, जुनी माती परातीत उपडी केली आणि मुळांचा गुंता हाताने सोडवायला लागली. मातीने दोन्ही हात भरले. मग दाण्यांकडे पाहिलं, फडकं टेबलाच्या कडेशी आलं होतं. तिने कोपराने ते माझ्याकडे ढकललं.

"हे धर."

"मी?"

"मग कोण, शेजारी? माझे हात भरलेत. टेबलावरून घरंगळतील."

"ताई, मी नको. बशीत ठेवतो."

"बशी काढायला जाशील आणि तेवढ्यात सांडशील. धर म्हणते ना."

मी हात पुढे केला. तिने फडकं उचलून चारही दाणे माझ्या तळहातावर ओतले. काहीच वजन नव्हतं त्यांना. मी मूठ मिटली.

"आवळू नकोस, घाम लागेल."

मी मूठ सैल केली. दाणे बोटांच्या फटीतून पडतील असं वाटून पुन्हा थोडी मिटली. दुसरा हात खाली धरला. ताई खाली वाकून मुळं निवडत होती, मातीची ढेकळं फोडत होती. तिला अजिबात घाई नव्हती. नवी माती भरून झाल्यावर तिने अंगठ्याने दोन खड्डे केले आणि माझ्या हातातून दोन टपोरे दाणे उचलले.

"दोनच?" मी विचारलं.

"दोन राहू देत."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत," ती म्हणाली, आणि पाणी आणायला उठली.